मल्टिसाइटवरचं प्लगिन डिलीट करण्याआधी

वर्डप्रेसच्या मल्टिसाइटमध्ये, म्हणजे एकाच इन्स्टॉलेशनवर चालणाऱ्या अनेक साइटच्या नेटवर्कमध्ये, प्लगिनच्या (साइटला जादा सुविधा देणाऱ्या जोडणीच्या) फाइली एकाच फोल्डरमध्ये असतात आणि सगळ्या साइट त्याच वापरतात. चालू-बंदची नोंद मात्र दोन ठिकाणी होते. नेटवर्क ॲक्टिव्हेट केलेल्या, म्हणजे सगळ्या साइटवर एकदम चालू केलेल्या प्लगिनची यादी डेटाबेसच्या साइटमेटा टेबलमध्ये असते, तर एखाद्या साइटपुरतं चालू केलेलं प्लगिन त्या साइटच्या स्वतःच्या ऑप्शन्स टेबलमध्ये नोंदलं जातं. बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात.

समजा, एका शिक्षणसंस्थेच्या १२ शाखांच्या साइट एका नेटवर्कवर आहेत आणि फॉर्मचं प्लगिन फक्त सातव्या साइटवर चालू आहे. नेटवर्क ॲडमिनच्या प्लगिन पानावर ते ‘इनॲक्टिव्ह’ म्हणून दिसतं आणि नावाखाली ‘डिलीट’ची लिंकही येते. ते कोणत्या साइटवर चालू आहे, हे ते पान सांगत नाही. पडून असलेलं प्लगिन समजून ते काढलंत, की सातव्या साइटच्या प्रवेशअर्जाच्या पानावर फॉर्मच्या जागी चौकटी कंसातला शॉर्टकोड (फॉर्म दाखवण्यासाठी पानात लिहिलेली खूण) जसाच्या तसा दिसू लागतो.

म्हणून काहीही काढण्याआधी साइटवार यादी करा. सर्व्हरवर डब्ल्यूपी-सीएलआय (आदेश टाइप करून वर्डप्रेस चालवण्याचं साधन) असेल तर ‘साइट लिस्ट’ आदेशाने सगळ्या साइटचे पत्ते काढा आणि एकेक पत्ता ‘यूआरएल’ पर्यायातून ‘प्लगिन लिस्ट’ला द्या. पत्ता दिला नाही तर फक्त मुख्य साइटची स्थिती कळते आणि पुन्हा तीच फसगत होते. सीएलआय नसेल तर सुपर ॲडमिन (सगळ्या नेटवर्कचा ताबा असलेला ॲडमिन) म्हणून प्रत्येक साइटच्या डॅशबोर्डवर जाऊन पाहावं लागेल. १२ साइटना ते जमतं, २०० साइटना नाही.

नेटवर्क ॲक्टिव्हेट हे बटण जपून वापरा. सुरक्षा, कॅश, ईमेल पाठवणं अशी सगळ्यांना लागणारी मोजकी प्लगिनच तिथून चालू करावीत. बाकीची ज्या त्या साइटवर. एखादं प्लगिन आधीच काही साइटवर वेगळं चालू असेल आणि तुम्ही ते नेटवर्कभर चालू करून पुन्हा बंद केलंत, तर त्या साइटवर ते चालूच राहतं, कारण तिथली नोंद कोणी पुसलेली नसते. प्लगिन मल्टिसाइटचा विचार करून लिहिलेलं नसेल, तर त्याची टेबलं फक्त मुख्य साइटसाठी तयार होतात आणि बाकी साइटवर डेटाबेसच्या चुका येतात. अशा वेळी ते नेटवर्कवरून बंद करून प्रत्येक साइटवर स्वतंत्र चालू केलं की बहुधा काम होतं. काढून टाकतानाही हेच: उपसाइटची टेबलं बऱ्याचदा मागे राहतात, ती बॅकअप घेऊन हाताने काढावी लागतात.

साइटच्या ॲडमिनला प्लगिन इन्स्टॉल करता येत नाही, ते फक्त सुपर ॲडमिनच्या हातात असतं. आधीच असलेली प्लगिन त्यांना चालू-बंद करू द्यायची असतील तर नेटवर्क सेटिंग्जच्या तळाशी ‘प्लगिन्स’ मेनूवर टिक करा. मुळात तो बंद असतो.

कधीच बंद पडू नये असा छोटा कोड एमयू-प्लगिन्स फोल्डरमध्ये ठेवा, तिथला कोड सगळ्या साइटवर आपोआप चालू असतो. फाइल थेट त्या फोल्डरमध्येच हवी, आतल्या उपफोल्डरमधली फाइल वर्डप्रेस आपोआप लोड करत नाही. तिथल्या फाइलींना अपडेटची सूचना येत नाही आणि ॲक्टिव्हेशनच्या वेळचा कोडही चालत नाही.

अपडेट एकदा केलं की सगळ्या साइट त्याच क्षणी बदलतात. त्यामुळे आधी स्टेजिंगवर (चाचणीसाठीच्या प्रतीवर) करून पाहा, एका वेळी एकच प्लगिन घ्या आणि जुन्या आवृत्तीची झिप हाताशी ठेवा. नंतर मुख्य साइट सोडून किमान दोन उपसाइट उघडा, त्यातली एक अशी घ्या जिथे ते प्लगिन खरोखर वापरात आहे. अनेक प्लगिन डेटाबेसमधले बदल त्या त्या साइटचा डॅशबोर्ड उघडल्यावरच करतात, म्हणून तोही उघडा.

साइटऐवजी नुसता पांढरा पडदा आलाच तर एफटीपीने (सर्व्हरवरच्या फाइली हाताळण्याच्या साधनाने) त्या प्लगिनच्या फोल्डरचं नाव बदला, सगळ्या साइटवर ते तात्काळ थांबेल. दुरुस्ती होऊन नाव पूर्ववत करेपर्यंत कोणत्याही साइटचं प्लगिन पान उघडू नका. ते उघडलं, की फाइल सापडत नाही म्हणून वर्डप्रेस ते प्लगिन यादीतून काढतं आणि तुम्हाला ते पुन्हा चालू करावं लागतं.