हेक्सॉच्या पात्यांवरचा आधार किती ताठ, ते असं मोजा

हिंगणघाटजवळ खेड्यात माझं लेथचं शेड आहे. जिनिंग (कापसातून सरकी काढायचं काम) सुरू व्हायच्या आधी रोलरचे शाफ्ट तपासायला येतात. डायल गेज (बारीक सरकणं काट्यावर दाखवणारं मोजयंत्र, एक घर 0.01 मिमी) केसभर पुढंमागं करायला मी आता स्लाइड वापरत नाही, तिच्यात थोडा तरी ढिलेपणा राहतोच. दोन समांतर पात्यांवर बसवलेला ठोकळा वापरतो. घासणं नाही, खडखड नाही. पण किती जोर लावला की तो किती सरकतो, हे आधी माहीत पाहिजे.

पात्यांसाठी फ्लेक्सिबल हेक्सॉ (लोखंड कापायची करवत) ब्लेड घ्या. दात ग्राइंडरवर काढताना घडीघडी पाण्यात बुडवा. पाती निळी पडली तर तिचं पाणी (कडकपणा) उतरलं, ती वापरू नका. माझ्या पात्या 10 मिमी रुंद, 0.63 मिमी जाड, मोकळी लांबी 80 मिमी.

हिशेब सोपा आहे राजेहो. जाडीचा घन गुणिले रुंदी गुणिले 2,00,000 (पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक, न्यूटन प्रति चौरस मिमी), भागिले लांबीचा घन. एका पातीचे 0.98, दोन्हींचे मिळून 1.95 न्यूटन प्रति मिमी. म्हणजे 100 ग्रॅमला (जवळपास एक न्यूटन) अर्धा मिलिमीटर, डायलवर 50 घरं. जाडी मायक्रोमीटरनंच मोजा. ती 10 टक्के जास्त निघाली तर ताठपणा 33 टक्के वाढतो.

आता पात्या आडव्या येतील असा आधार व्हाइसमध्ये धरा. ठोकळ्याला डायल टेकवा, मगच शून्य करा. 50-50 ग्रॅमची वजनं 200 पर्यंत लटकवा, तशीच एकेक काढा. परत शून्यावर आलं नाही तर पाती पकडीत सरकते आहे.

माझी पहिली जोडी 100 ग्रॅमला 64 घरं गेली. दोन दिवस मी हिशेबच तपासत बसलो. दोष पकडीत होता: पातीची टोकं दाबून धरणाऱ्या पट्ट्यांवर रंग होता, कडा घासून गोल झालेल्या. पाती कडेपाशी न वाकता आत तीन-साडेतीन मिमीवरून वाकत होती, दोन्ही टोकांना. लांबी 80 ची 87 झाली की ताठपणा पाऊणावर येतो. रंग खरवडला, कडा फाइलनं चौकोनी केल्या, बोल्ट पुन्हा आवळले. 52 घरं आली.

मोजणीला सकाळच पाहिजे असं नाही. मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली 20 अंश चढले तर 80 मिमीची पाती जवळपास 0.02 मिमी लांबते, पण ती आपल्या लांबीच्या दिशेनं; डायल तिच्या काटकोनात टेकलेला असतो, म्हणून ते डायलवर दिसत नाही.