ओढा नळीत मावत नाही: प्लॉटिंग आखताना या चुका टाळा

जमीन बघायला सगळे एप्रिल-मेमध्ये जातात. गाडी थेट बांधापर्यंत पोचते, ओढा म्हणजे नुसती बाभळींची रांग दिसते आणि आखणारा ती रांग नकाशावरून खोडून टाकतो. जुलैत, मोठी सर ओसरल्यावर तासाभरात जागेवर जा. शेजारच्या शेतकऱ्याला विचारा, "दादा, पाणी कुठवर चढतं?" बुंध्याला अडकलेला पालापाचोळाही तेच सांगतो, पण दादा कुठल्या साली किती चढलं तेही सांगतील.

कागद बघायचा कंटाळा ही त्याच्याच जोडीची चूक. सातबाऱ्यावर पोटखराब (लागवडीला न येणारी जमीन) 'ब' दिसली की थांबा. रस्ता, तळं, लोकांच्या वापराचा ओढा अशा सार्वजनिक गोष्टींखालची जमीन त्या वर्गात येते. जुना गाव नकाशा आताच्या मोजणीवर ठेवून बघा. बुजवलेला ओघळ तिथे हमखास सापडतो.

आता नळ्यांचं. एका लेआउटमध्ये सहा मीटर रुंद, दीड मीटर खोल ओढ्याला ९०० मिलिमीटरच्या दोन नळ्या पुरतील, असं मीच लिहून दिलं होतं. ओढ्याचा छेद नऊ चौरस मीटर, दोन्ही नळ्यांचा मिळून जेमतेम सव्वा! हा गुणाकार मी केलाच नव्हता. दुसऱ्याच पावसाळ्यात तोंडाशी काटेरी फांद्या आणि प्लास्टिक अडकलं आणि वरच्या अंगाच्या प्लॉटमध्ये गुडघाभर पाणी साचलं. शेवटी नळ्या उखडून ओढ्याच्या पूर्ण रुंदीची स्लॅबची मोरी बांधावी लागली. पहिल्यांदाच बांधली असती, तर खर्च निम्म्यावर आला असता.

तुमच्याकडे नळ्या आधीच पडल्या असतील, तर पावसाळ्याआधी गाळ काढा, वरच्या बाजूला जाळी लावा आणि पाणी चढलंच तर रस्त्यावरून कुठे उतरेल ती वाट मोकळी ठेवा. ही मलमपट्टी आहे, मोरीला पर्याय नाही.

एक हिशेब पाठ करून ठेवा. एका एकरावर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण चार लाख लिटर, दहा हजार लिटरचे चाळीस टँकर. शेतात त्यातलं बरंच मुरतं. काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉकवरून बहुतेक सगळं वाहतं, तेही घाईने. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याच्या पुराने काठच्या वस्त्यांमध्ये काय केलं, ते सहकारनगरवाल्यांना विचारा.

नदीकाठी असाल तर पूररेषा बघा. निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. 'मुरमाचा भराव टाकू, मग प्लॉट वर येतो,' हे वाक्य मी बैठकीत दर वेळी ऐकतो. प्लॉट वर येतो, पाणी समोरच्या काठावर जातं. टेकडीकडे १:५ (पाच मीटर अंतराला एक मीटर चढ) किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकामाला मनाईच आहे, तिथे प्लॉट पाडूच नका.

शोषखड्डा भरून वाहतो, अशी तक्रार काळ्या मातीत नेहमीची. ही माती ओली झाली की फुगते आणि पाणी खाली सोडत नाही. खड्डा मुरमाच्या थरापर्यंत न्या. सांडपाण्याचा असेल तर विहीर-बोअरपासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला घ्या.

बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा त्यापुढे गेलं की केंद्राच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते, आणि ती काम सुरू करण्याआधी. एकाच प्रकल्पाचे कागदावर तुकडे पाडून सुटका होत नाही.

झाडांच्या बाबतीत लोक फक्त संख्या मोजतात. तोडलेल्या वडाबदल्यात कुंपणाला गिरिपुष्प लावून मोकळे होतात! करंज, उंबर, कडुनिंब लावा आणि खोदकामाआधी वरची वीतभर माती बाजूला रचून ठेवा. हीच रोपं त्याच मातीत लावायची आहेत, नाहीतर राडारोड्यात लावलेली पुढच्या उन्हाळ्यात वाळतात.