पन्नास माणसांचा पुरस्कार सोहळा: लॉनवरची मांडणी

स्केच नंतर काढा. आधी टेप घेऊन लॉनवर जा आणि माणसं मोजा.

जानेवारी २०२२ मध्ये नाशिकच्या गंगापूर रोडच्या एका लॉनवर मी लघुपटांच्या पुरस्कार सोहळ्याचं नेपथ्य केलं. तेव्हा कोविडचे निर्बंध होते: माणसांमध्ये अंतर आणि हद्द पन्नास माणसांची. आयोजकांनी पन्नास पाहुण्यांची यादी आणली, तेव्हा मी विचारलं, ‘लाइटवाला काय झाडावर बसणार?’ साउंड, कॅमेरे, निवेदिका, चहावाला, मी, असे चौदा जण कामाचेच निघाले. उरले छत्तीस. एका टेबलाला एकाच घरातले किंवा एकाच टीममधले तिघं, अशी बारा टेबलं.

खुर्च्यांच्या ओळी लावून एकाआड एक खुर्चीवर फुली चिकटवू नका. कॅमेऱ्यात ती फुली ‘इथे कोणी आलंच नाही’ एवढंच सांगते. टेबलांची कल्पना माझी नाही, ऑस्करची. एप्रिल २०२१ मध्ये तो सोहळा लॉस एंजेलिसच्या युनियन स्टेशनात झाला, १९३९ च्या जुन्या रेल्वे स्टेशनात. नेपथ्य डेव्हिड रॉकवेल यांचं. नाट्यगृहासारख्या रांगा नव्हत्या. टेबलं, सोफ्यासारखी बाकं आणि टेबलागणिक छोटा दिवा. पाहुणे जेमतेम १७०, तेही आळीपाळीने आत-बाहेर. त्यांचं बजेट आपल्याकडे कुठलं, पण दिवा आणता येतो.

माप असं: अडीच फुटी गोल टेबल, माणसं बसल्यावर सहा फूट व्यासाचा घेर. दोन घेरांमध्ये सहा फूट मोकळे. म्हणजे एका टेबलाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत बारा फूट. जमिनीवर फक्कीने खुणा करा. दुसरी ओळ पहिलीच्या फटीत सरकवा, म्हणजे कोणाच्या डोक्याआड स्टेज जात नाही आणि कॅमेऱ्याला लॉन भरलेलं दिसतं.

दिव्यांसाठी कुंभारवाड्यातून मातीची छोटी मडकी आणली, भोकं पाडून घेतली, आत बॅटरीवरचे पिवळे एलइडी ठेवले. आणि लॉनचे हॅलोजन बंद करायला लावले. मांडववाल्याला हे पटेना, त्याला लग्नासारखा लख्ख उजेड हवा होता. पण रिकामी जागा अंधारात गेली की रिकामी राहत नाही. फक्त वाटेवर, पायऱ्यांच्या कडेला उजेड ठेवा.

स्टेज आठ बाय चार फुटांच्या सहा लेव्हल्सचं (म्हणजे जोडून लावायच्या लाकडी चौथऱ्यांचं), सोळा बाय बारा, उंची दीडच फूट. पायऱ्या दोन्हीकडे हव्यातच. मी पैसे वाचवायला एकाच बाजूला केल्या होत्या. तालमीत उतरणारा आणि चढणारा नाकासमोर नाक येऊन उभे राहिले. रात्री अकराला सुतार बोलवावा लागला. ट्रॉफी कोणी कोणाच्या हातात देत नाही: मध्यभागी उंच चौरंग, विजेता स्वतः उचलतो, पाहुणे दोन हात लांबून टाळ्या वाजवतात. विजेत्याचा माइक स्टँडवर, निवेदिकेचा वेगळा.

दीपप्रज्वलनाकडे नीट लक्ष द्या. सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असतं. ओल्या हाताने समई लावायला गेलात तर हात पेटेल. बाटली प्रवेशाशी ठेवा, समईच्या आसपास अजिबात नको.

मागचा पडदा? कनात लावलीच नाही, तिन्ही बाजू उघड्या. पाठीमागे बांबूच्या तट्ट्या, हवा आरपार जाते. संध्याकाळी वारा सुटतो, म्हणून प्रत्येक टेकूवर वाळूचं पोतं. कोणी थर्माकोलची अक्षरं सुचवेल. राज्यात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलला बंदी आहे, सांगून टाका. आणि फाळके त्र्यंबकेश्वरचे, त्यामुळे नाशकात सिनेमाचा कार्यक्रम म्हटला की त्यांचा आठ फुटी फ्लेक्स ठरलेलाच. मी एकच फ्रेम केलेला फोटो प्रवेशाशी लावला, खाली झेंडू. आयोजक दोन दिवस रुसले होते.

राहिलं दव. जानेवारीत आठनंतर लॉनवर सगळं ओलं होतं. आमची लेव्हल निसरडी झाली, शेवटी काथ्याच्या पट्ट्या ठोकल्या. तुम्ही आधीच ठोका आणि कार्यक्रम साडेपाचला सुरू करा. केबलचे जोड विटांवर उचलून ठेवा.