सायन्सचा होमवर्क अडला की ऑनलाइन कुठे विचारायचं आणि कसं विचारायचं

अकरावी सायन्सचे वर्ग सुरू झाले की महिन्याभरात ओळखीपाळखीतल्या मुलांचे मेसेज यायला लागतात. ताई हे गणित सुटत नाहीये, ताई क्लासमध्ये हात वर करायला लाज वाटते, ताई नेटवर कोणाला विचारलं तर सांगतात का. सांगतात की! फुकट सांगतात आणि कधीकधी एवढं छान सांगतात की पुस्तक बाजूला ठेवावंसं वाटतं. पण विचारण्याची एक रीत आहे, ती माहीत नसली तर पहिल्याच दिवशी प्रश्न बंद होतो, वर दोन मायनस (नापसंतीची मतं) पडतात आणि पोरगं म्हणतं जाऊ दे, हे आपल्यासाठी नाहीच. मी एमएस्सी फिजिक्स केलंय आणि बरीच वर्षं अशा ग्रुपांवर विचारणाऱ्यांतही असते आणि उत्तरं देणाऱ्यांतही, त्यामुळे दोन्ही बाजूंचं सांगू शकते.

आधी कुठे जायचं ते. फिजिक्ससाठी माझ्या मते नवख्याने फिजिक्स फोरम्सपासून सुरुवात करावी. ही साइट २००१ पासून चालू आहे आणि तिथे होमवर्कचा विभागच वेगळा आहे. प्रश्न टाकताना ठरलेला साचा भरावा लागतो: प्रश्न काय आहे, कुठली सूत्रं लागतील असं तुला वाटतं आणि तू आत्तापर्यंत काय करून बघितलंस. तिसरा रकाना रिकामा ठेवला तर कोणी पुढे जात नाही, आधी तुझा प्रयत्न दाखव म्हणतात. मुलांना याचा राग येतो, मला मात्र तो साचाच सगळ्यात उपयोगी वाटतो, कारण तो भरता भरताच निम्म्या वेळा आपलं कुठे चुकतंय ते दिसतं आणि प्रश्न पाठवायची गरजच उरत नाही.

दुसरं म्हणजे स्टॅक एक्सचेंज, म्हणजे प्रश्नोत्तरांच्या बऱ्याच साइट्सचा एक गट. त्यात फिजिक्सची वेगळी साइट आहे, केमिस्ट्रीची वेगळी, मॅथ्सची आणि बायोलॉजीची वेगळी. इथली माणसं हुशार आहेत पण शिस्तीला कडक. फिजिक्सवाल्या साइटवर 'माझं उत्तर बरोबर आहे का तपासून द्या' छापाचा प्रश्न चालत नाही, नुसतं उदाहरण सोडवून मागितलेलंही चालत नाही, प्रश्न संकल्पनेबद्दल हवा. केमिस्ट्रीवालेही तुझा विचार काय झाला ते आधी मागतात. 'नमस्कार सर, कृपया मदत करा, आगाऊ धन्यवाद' वगैरे लिहिलं तर कोणीतरी येऊन ते खोडून टाकतं, त्यात अपमान मानायचा नाही, तिथे तशीच पद्धत आहे. थँक्यू म्हणायचं तर उत्तराशेजारच्या बरोबरच्या खुणेवर क्लिक करायचं, ती हिरवी होते आणि उत्तर देणाऱ्याला पंधरा पॉइंट मिळतात.

रेडिटवर होमवर्क हेल्प नावाचा ग्रुप आहे, तिथे शीर्षकातच इयत्ता आणि विषय लिहावा लागतो आणि फोटो चालतो. शाळेच्या मुलांना ही जागा सोपी पडते पण उत्तराचा दर्जा नशिबावर. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवरही फिजिक्स-केमिस्ट्रीचे सर्व्हर म्हणजे ग्रुप आहेत, तिथे पाच मिनिटांत कोणीतरी बोलतं, मात्र ते बोलणं चॅटमध्ये वर सरकत जातं आणि उद्या दुसऱ्या कोणाला गुगलवर सापडत नाही. टेलिग्राम-व्हॉट्सॲपचं शेवटी सांगते, त्यावर माझं जरा वेगळं मत आहे.

आता कसं विचारायचं, खरी मेख तिथेच आहे. माझ्या मावशीचा मुलगा मागच्या वर्षी अकरावीला होता. गणित असं होतं, ३० अंशाच्या उतारावर २ किलोचा ब्लॉक ठेवलाय, स्टॅटिक फ्रिक्शनचा (वस्तू स्थिर असतानाच्या घर्षणाचा) कोइफिशंट म्यू ०.७, तर ब्लॉक घसरेल का. पठ्ठ्याने काय केलं, वहीचा तिरपा अंधारा फोटो काढला आणि वर लिहिलं 'प्लीज सॉल्व्ह, अर्जंट, टुमॉरो सबमिशन'. तासाभरात प्रश्न बंद. मग माझ्याकडे आला. मी म्हटलं तू काय केलंस ते मला सांग. तो म्हणाला, अगं ताई, उताराच्या दिशेने खाली ओढणारं बल ९.८ न्यूटन आलं, आणि फ्रिक्शन म्हणजे म्यू गुणिले नॉर्मल, म्हणजे उताराने ब्लॉकला काटकोनात दिलेलं बल, ते आलं ११.८८ न्यूटन, म्हणजे वरच्या दिशेने २.०८ न्यूटन उरतात, म्हणजे ब्लॉक आपोआप उतारावर वर चढतोय, असं कसं होईल?

अरे बाबा, हाच तर प्रश्न आहे! 'सोडवून द्या' हा प्रश्नच नव्हे. मग आम्ही तसंच लिहिलं. शीर्षक दिलं 'फ्रिक्शन मोजल्यावर ब्लॉक उतारावर वर चढताना दिसतो, माझ्या विचारात चूक कुठे', खाली मूळ प्रश्न पूर्ण टाइप केला, मग त्याचे आकडे एकेक करून, जी (गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) ९.८ घेतलाय हे सुद्धा (आपल्या क्लासच्या नोट्समध्ये सर्रास १० घेतात आणि मग समोरच्याचं उत्तर जुळत नाही), आणि शेवटी एकच वाक्य, की माझं उत्तर खऱ्या जगात शक्य नाही हे कळतंय पण कुठली पायरी चुकली ते कळत नाही. या वेळी उत्तर आलं आणि तेही सरळ उत्तर नाही, उलटा प्रश्न. हाच ब्लॉक सपाट टेबलावर ठेवला, कोणी ढकलत नाहीये, तर फ्रिक्शन किती?

पोरगं दहा मिनिटं गप्प. त्याच्या सूत्राने ०.७ गुणिले १९.६ म्हणजे १३.७२ न्यूटन येत होतं, म्हणजे कोणी हात न लावता ब्लॉक टेबलावरून धावत सुटायला हवा. मग एकदम म्हणाला, शून्य! फ्रिक्शन शून्य! म्यू गुणिले नॉर्मल ही वरची मर्यादा आहे, तेवढं फ्रिक्शन लागेलच असं नाही, जेवढं लागतं तेवढंच येतं. म्हणजे उतारावर ते ९.८ न्यूटनच असणार आणि ब्लॉक जागचा हलणार नाही. उताराच्या कोनाचा टॅन म्यूपेक्षा जास्त झाला तरच ब्लॉक घसरतो, इथे टॅन ३० म्हणजे ०.५७७, तो ०.७ पेक्षा कमी, विषय संपला. हे त्याला कोणी आयतं लिहून दिलं असतं तर सबमिशन झालं असतं पण पुढच्या धड्यात परत तिथेच अडकला असता.

म्हणून या ग्रुपांवर पूर्ण उत्तर देत नाहीत याबद्दल कुरकुर करू नका. हिंट देतात, त्यावर तुम्ही पुढे एक पायरी करून परत लिहायचं, मग पुढची हिंट येते. बरीच मुलं पहिली हिंट आली की गायबच होतात, मग दुसऱ्या वेळी त्यांचा प्रश्न दिसला की उत्तर देणारा कंटाळतो, मी स्वतः कंटाळते.

केमिस्ट्रीत वेगळाच घोळ असतो, अर्धी माहिती. पोटॅशियम परमँगनेटची रिॲक्शन बॅलन्स करून द्या म्हणून प्रश्न येतो आणि माध्यम लिहिलेलंच नसतं. आता ॲसिडिक माध्यम असेल तर मँगनीज +७ वरून +२ ला जातं, पाच इलेक्ट्रॉन घेतं, न्यूट्रल असेल तर मँगनीज डायऑक्साइड तयार होतं आणि तीनच इलेक्ट्रॉन, आणि स्ट्राँग अल्कलाइन असेल तर एकच इलेक्ट्रॉन घेऊन मँगनेट नावाचं हिरवं संयुग. तीन वेगळी उत्तरं! समोरच्याने कुठलं द्यायचं? त्यामुळे प्रश्न आपल्या शब्दांत आटोपशीर करून लिहू नका, पुस्तकात जसा आहे तसाच्या तसा आधी टाइप करा, एककांसकट, आणि मग आपलं म्हणणं खाली वेगळं. बायोलॉजीत अशी भानगड कमी, तिथे फक्त पुस्तकाची इयत्ता सांगा म्हणजे उत्तर डोक्यावरून जात नाही, आणि स्वतःच्या आजाराबद्दल विचारू नका, तसले प्रश्न तिथे चालत नाहीत.

टायपिंगचं टेन्शन सगळ्यांना येतं. सूत्र लिहायला लेटेक नावाची पद्धत आहे, स्टॅक एक्सचेंजच्या फिजिक्स साइटवर सूत्राच्या आधी आणि नंतर डॉलरचं चिन्ह टाकायचं, फिजिक्स फोरम्सवर दोन्हीकडे दोन-दोन हॅश. अपूर्णांक, वर्गमूळ, घात, ग्रीक अक्षरं एवढं आलं की बारावीपर्यंतचं काम भागतं आणि ते एका संध्याकाळी जमतं. दुसऱ्याच्या प्रश्नावर एडिट दाबून त्याने कसं लिहिलंय ते बघायचं, तिथून उचलायचं, त्यात चोरी वगैरे काही नाही. आकृती मात्र हाताने काढून फोटो चालतो, पांढरा कागद, दिवसाचा उजेड, आणि फोटो सरळ.

इंग्रजीचं म्हणाल तर मराठी माध्यमातून आलेली मुलं इथेच थबकतात. पण इथे कोणी व्याकरण तपासत नाही हो. छोटी वाक्यं लिहा, मला हे मिळालं, मला हे अपेक्षित होतं, फरक का. आकडे आणि सूत्रं असली की निम्मं काम तीच करतात. ट्रान्सलेट ॲपमधून आख्खा परिच्छेद काढण्यापेक्षा आपली मोडकी चार वाक्यं बरी, कारण ॲप कधीकधी शास्त्रीय शब्दाचं भलतंच काहीतरी करून ठेवतं आणि ते आपल्याला कळतही नाही.

वेळेचाही फरक पडतो. रात्री आठला प्रश्न टाकला तर न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेनऊ वाजलेले असतात, म्हणजे तिकडची माणसं जागी आणि इंग्लंडवाले दुपारच्या चहाला. सकाळी कॉलेजला जाताना बसमधून टाकलेला प्रश्न बऱ्याचदा तसाच पडून राहतो. आणि उद्याच्या सबमिशनसाठी आज रात्री विचारूच नका, दोन दिवस हातात ठेवा.

प्रश्न बंद झाला तर? डिलीट करून तोच परत टाकायचा नाही. स्टॅक एक्सचेंजवर असं वरचेवर केलं आणि मायनस साठले तर सिस्टीमच तुम्हाला नवीन प्रश्न विचारू देत नाही. त्याऐवजी आहे तोच प्रश्न एडिट करायचा, बंद करणाऱ्यांनी कारण दिलेलं असतं ते वाचून. एडिट झाला की तो परत उघडायच्या रांगेत जाऊ शकतो. नवीन अकाउंटला सुरुवातीला दुसऱ्यांच्या पोस्टवर कमेंट करता येत नाही, त्याला ५० पॉइंट लागतात, पण स्वतःच्या प्रश्नाखाली मात्र करता येते, म्हणून घाबरून नवं अकाउंट काढत बसू नका.

आता टेलिग्राम-व्हॉट्सॲप. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये हजारभर अनोळखी माणसांना तुमचा नंबर दिसतो, हे मला अजिबात पसंत नाही, मुलींनी तर फारच जपून. टेलिग्रामवर नंबर लपवता येतो, सेटिंगमध्ये जाऊन तो आधी लपवा. तिथे एका ग्रुपमध्ये दोन लाखांपर्यंत लोक असू शकतात, नीट-जेईईच्या ग्रुपांवर तर प्रश्न टाकला की मिनिटात वीस मीम खाली येतात आणि तुमचा प्रश्न गेला वर. शिवाय 'असाइनमेंट करून देतो, इतके पैसे', 'पेपर फुटलाय, पर्सनलला ये' असली मंडळी तिथेच फिरतात. पर्सनलला जायचं नाही, विषयाचं बोलणं ग्रुपमध्येच. कुठेही अकाउंट काढताना पूर्ण नाव, कॉलेजचं नाव, रोल नंबर टाकू नका, आणि १३ वर्षांच्या आतल्या मुलांनी रेडिट-डिस्कॉर्डवर अकाउंट काढायचंच नसतं, आईबाबांच्या अकाउंटवरून त्यांच्यासमोर विचारा.

आणि चॅटबॉटकडून उत्तर घेऊन ते ग्रुपवर 'माझा प्रयत्न' म्हणून टाकणारेही आता खूप झालेत. ओळखू येतं हो! स्टॅक ओव्हरफ्लोने (स्टॅक एक्सचेंजमधलीच प्रोग्रॅमिंगची साइट) डिसेंबर २०२२ मध्येच चॅटजीपीटीची उत्तरं टाकायला बंदी घातली, कारण दिसायला बरोबर आणि आतून चुकीची उत्तरं ढिगाने यायला लागली होती. बॉटला विचारायचंच असेल तर खुशाल विचारा, पण ग्रुपवर आपल्या डोक्यातला गोंधळ आपल्याच शब्दांत लिहा, लोकांना तोच हवा असतो.

जाता जाता एक, जयंत नारळीकर सरांकडे मुलं सही मागायला गेली की ते म्हणायचे सही देत नाही, पोस्टकार्डावर विज्ञानातला प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. पोस्टकार्डावर जागा ती केवढी! एकच प्रश्न, तोही नेमका लिहावा लागणार. ग्रुपवर प्रश्न टाकायच्या आधी तो पोस्टकार्डावर मावेल का एवढं बघायला मी मुलांना सांगते, आकडेमोड खाली वेगळी लिहिली तरी चालते, पण प्रश्न तेवढाच.

दोन दिवसांत कुठूनच काही आलं नाही तर तो टाइप केलेला प्रश्न प्रिंट काढून किंवा वहीत उतरवून आपल्या कॉलेजच्या सरांकडे न्या. लेक्चर संपल्यावर दारात गाठू नका, तेव्हा त्यांना पुढच्या वर्गाची घाई असते, प्रॅक्टिकलच्या दिवशी शेवटच्या अर्ध्या तासात जा, रीडिंग घेऊन झालेली असतात आणि सर खुर्चीत बसलेले असतात.