कंपन्यांचे घटनात्मक हक्क काढण्याचा ठराव: अमेरिकेतल्या आपल्या शहरात तो कसा मंजूर करून घ्यायचा

अमेरिकेत कंपनीला भाषणस्वातंत्र्य आहे आणि झडतीपासून संरक्षणही आहे. ते मतदारांनी दिलेलं नाही, न्यायालयांच्या निकालांतून साठत गेलेलं आहे. त्यावर कायमचा उपाय घटनादुरुस्ती. तिला काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं लागतात आणि मग ५० पैकी ३८ राज्यांची मान्यता. एवढा डोंगर वॉशिंग्टनकडून चढायला घेतला तर पायथ्याशीच दम लागतो, म्हणून सुरुवात नगर परिषदेपासून करतात: परिषदेने ठराव करून काँग्रेसकडे ही दुरुस्ती मागायची.

आधी मजकूर पक्का करा. मागणीची वाक्यं दोनच. पहिलं: घटनेतले हक्क हाडामांसाच्या माणसांचे आहेत, कंपनी, एलएलसी (मर्यादित दायित्वाची कंपनी), युनियन, ना-नफा संस्था यांना जे मिळेल ते साध्या कायद्याने, आणि कायद्यानेच ते बदलता येईल. दुसरं: निवडणुकीत ओतलेला पैसा म्हणजे भाषण नव्हे, त्यावर मर्यादा घालता येते. दुसरं वाक्य कोणालाही पटतं. गळतं ते पहिलं. समितीत कोणीतरी 'भाषा जरा सौम्य करू' म्हणतं आणि हातात उरतो फक्त 'सिटिझन्स युनायटेड निकाल रद्द करा' एवढाच ठराव. असा ठराव घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. कंपन्यांना निवडणुकीत अमर्याद खर्च करू देणारा २०१० चा तो निकाल उद्या फिरला तरी निवडणूक-खर्चाला भाषणाचं संरक्षण देणारा १९७६ चा बक्ली निकाल आणि कंपन्यांना सार्वमताच्या प्रचारात पैसा घालू देणारा १९७८ चा बेलोटी निकाल जागेवरच राहतात.

'हा शहराचा विषयच नाही' हा आक्षेप हमखास येतो. तेव्हा निवडणुकीबाहेरची दोन उदाहरणं पुढे करा. आयडाहोतल्या पोकाटेलोत वीज आणि प्लंबिंगची कामं करणाऱ्या बार्लोज या कंपनीने कामगार-सुरक्षा निरीक्षकाला वॉरंटशिवाय आत येऊ दिलं नाही. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची बाजू घेतली. व्हर्मॉन्टने कृत्रिम संप्रेरक टोचलेल्या गायींच्या दुधाला तसं लेबल सक्तीचं केलं, तर १९९६ मध्ये अपील न्यायालयाने भाषणस्वातंत्र्याच्या आधारावर तो कायदा रोखला. तपासणी आणि लेबल म्हणजे काय, हे नगरसेवकाला समजावून सांगावं लागत नाही. कंपनी म्हणजे घटनेच्या दृष्टीने 'व्यक्ती' ही कल्पना ज्याच्याशी जोडली जाते, त्या १८८६ च्या सांता क्लारा खटल्याची गोष्ट मात्र घरीच ठेवा. रंजक आहे, पण सगळी मिनिटं तीच खाऊन टाकते.

आता परिषदेतलं काम. सिटी क्लार्कच्या (परिषदेचं दप्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या) कार्यालयातून अजेंड्याची अंतिम मुदत, ठरावाचा नमुना आणि नागरिकांना बोलण्याची वेळ विचारून घ्या. वेळ बहुधा दोन-तीन मिनिटं असते. ठराव मांडणारा एक आणि अनुमोदन देणारा एक, असे दोन नगरसेवक आधी गाठा. सात जणांची परिषद असेल तर बैठकीपूर्वी चार मतं नावानिशी हातात हवीत. ती नसतील तर विषय अजेंड्यावर आणू नका, कारण एकदा पडलेला ठराव पुन्हा आणायला कोणी धजत नाही. मसुदा एका पानात बसवा: चार-पाच 'ज्याअर्थी', मग ती दोन वाक्यं, आणि शेवटचं कलम असं की क्लार्कने प्रमाणित प्रती काँग्रेस सदस्य, दोन्ही सिनेटर आणि राज्याचे आमदार यांना पाठवाव्यात. हे कलम विसरलं की मंजूर ठरावही फायलीत पडून राहतो. चार वक्ते न्या, प्रत्येकाला वेगळा मुद्दा द्या. चौघांनी तेच सांगितलं की तिसऱ्यापासून अध्यक्ष घड्याळ बघायला लागतात. पहिलं वाक्य ऐन वेळी कापलं गेलं तर ठराव मागे घ्यायचा की नाही, हे मांडणाऱ्याशी आदल्या दिवशीच ठरवून ठेवा.

परिषद दाद देत नसेल आणि कायदा वाव देत असेल तर थेट मतदारांकडे जा. नियम राज्यागणिक बदलतात. मॅसॅच्युसेट्समध्ये आमदाराला सूचना देणारा, बंधनकारक नसलेला प्रश्न मतपत्रिकेवर आणायला एका प्रतिनिधी मतदारसंघात २०० प्रमाणित सह्या पुरतात, राज्य-सिनेटच्या मतदारसंघात १,२००. लोकांपुढे प्रश्न गेला की तो सहसा हरत नाही: २०१२ मध्ये मोंटानात कंपन्यांच्या हक्कांविरुद्धच्या आणि कोलोरॅडोत निवडणुकीतल्या पैशावर मर्यादा मागणाऱ्या प्रश्नाला सुमारे तीन-चतुर्थांश मतदारांनी बाजूने कौल दिला. सह्या मात्र दीडपट गोळा करा, २०० हव्या असतील तर ३००. बाद होण्याची कारणं ठरलेली असतात: नोंदणीच नाही, घर बदललं पण नोंदणी जुन्या पत्त्यावर, हद्दीबाहेरचा रहिवासी, न वाचता येणारं नाव, तीच सही दोनदा. म्हणून सही घेण्याआधी 'मतदार नोंदणी याच गावात आहे ना?' हे विचारा आणि नाव छापील अक्षरांत लिहून घ्या. शेतकरी बाजार आणि वाचनालयाचं दार या चांगल्या जागा. मॉलमध्ये जाऊ नका, खासगी जागा म्हणून तिथे बऱ्याचदा हटकतात.

एडिसन किंवा फ्रीमाँटसारख्या शहरांतल्या मराठी मंडळींसाठी वेगळं सांगायला हवं. एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर असाल तर अशा अर्जावर सही करू नका. सही नोंदणीकृत मतदाराचीच चालते. परिषदेत बोलायला मात्र सहसा नागरिकत्व विचारत नाहीत. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात टेबल लावायचं तर कार्यकारिणीची लेखी परवानगी घ्या. मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था, असेल तर ठरावाचा प्रचार मर्यादेत चालतो, पण उमेदवाराचा अजिबात नाही. त्यामुळे एखाद्या नगरसेवकाची पत्रकं त्याच टेबलावर दिसता कामा नयेत.

ठराव मंजूर झाला की आठवड्याभरात प्रमाणित प्रत घेऊन काँग्रेस सदस्याच्या स्थानिक कार्यालयात जा. वॉशिंग्टन राज्यातल्या काँग्रेस सदस्य प्रमिला जयपाल यांनी काँग्रेसच्या गेल्या काही सत्रांत याच दोन मागण्यांची 'वी द पीपल' दुरुस्ती मांडली आहे. चालू सत्रातला तिचा क्रमांक आधी तपासून न्या आणि सहप्रस्तावक होणार का, एवढंच विचारा. तिथले कर्मचारी 'आम्ही नोंद घेतली' म्हणतील. त्यांचं नाव लिहून घ्या, लेखी उत्तराची तारीख मागा आणि त्या तारखेला फोन करा.