मूल घरी मार खात असेल, तर शाळेने काय करावे

नागपुरात उन्हाळा लागला की शाळा सकाळच्या होतात आणि एप्रिलमध्ये तर मधल्या सुट्टीतच ऊन चटके देऊ लागते. अशा दिवसांत एखादे मूल पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, गळ्यापर्यंत गुंड्या लावून बसत असेल, तर वर्गशिक्षिकेने त्याच्याजवळ जरा थांबावे. उन्हाळी सुट्टीच्या चाहुलीने बाकीची मुले हरखतात, तेव्हा एखादेच गप्प होत जाते. शाळा सुटल्यावर ते फाटकाशी रेंगाळते, किंवा सोमवारी सोमवारीच गैरहजर राहते. यांतली एकही खूण एकटी काही सिद्ध करत नाही. म्हणून जे दिसले ते तारखेसह वेगळ्या वहीत लिहावे आणि ती वही कुलपात ठेवावी. ‘डाव्या दंडावर दोन लांब वळ, मूल म्हणाले जिन्यावरून पडलो’ असे लिहावे, ‘वडील मारकुटे आहेत’ असे लिहू नये.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या हातून जी चूक झाली ती सांगतो, कारण चांगल्या मनाचे शिक्षक आजही तीच करतात. सहावीतल्या एका मुलाच्या पाठीवर पट्ट्याचे वळ दिसले, तेव्हा मी त्याच दिवशी त्याच्या वडिलांना शाळेत बोलावून चार कडक शब्द सुनावले. त्यानंतर तो मुलगा नऊ दिवस शाळेत आला नाही आणि आल्यावर त्याने मला पुन्हा कधी काही सांगितले नाही. ज्याच्यावर संशय आहे त्याला आधी बोलावले, तर मूल त्या रात्री त्याच्याच हाती सापडते. म्हणून पुढची पावले ठरण्यापूर्वी त्याला शाळेने काहीही कळवू नये.

मूल बोलू लागले तर हातातले काम बाजूला ठेवून, इतरांच्या कानांपासून दूर पण उघड्या दाराच्या खोलीत बसावे आणि ऐकावे. ‘कोणी मारले? बाबांनी ना?’ असे उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू नयेत. ‘मग काय झाले?’ एवढे पुरते. ‘मी कुणालाच सांगणार नाही’ हे वचन कधीही देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही आणि मोडले की मुलाचा विश्वास कायमचा जातो. ‘सांगितलेस हे बरे केलेस, यात तुझी काही चूक नाही, आणि मदत करू शकतील तेवढ्यांनाच मी सांगेन’ असे म्हणावे. मुलाचे शब्द त्याच दिवशी, त्याच्याच भाषेत उतरवून घ्यावेत. जखमांचे फोटो काढून शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकणे हा मुलावर दुसरा अत्याचार आहे.

यानंतरची वाट प्रकरणानुसार बदलते. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली, किंवा तो होण्याची नुसती शंका आली, तरी २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या (मुलांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या) कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणे प्रत्येकाला बंधनकारक आहे. न कळवणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. सद्भावनेने कळवणाऱ्यावर मात्र कोणतीही दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. शाळेच्या नावाला बट्टा लागेल म्हणून आधी ‘आपापसात चौकशी’ करण्याचा मोह मुख्याध्यापकांनी कटाक्षाने टाळावा, कारण पुरावा शोधणे हे शाळेचे काम नाही. जबाबासाठी मुलाला ठाण्यात न्यावे लागेल ही भीतीही अनाठायी आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, गणवेश न घातलेल्या पोलिसांनी घ्यायचा असतो.

मारहाण, उपासमार किंवा दुर्लक्ष असेल, तर चोवीस तास चालणाऱ्या १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन करावा, किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत बाल कल्याण समितीपर्यंत, म्हणजे अशा मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणाऱ्या समितीपर्यंत, जावे. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७५ नुसार, ताब्यातल्या मुलाशी क्रूरपणे वागणे हा पालकांसाठीही गुन्हा आहे. जखम ताजी असेल तर आधी मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांत न्यावे आणि जीव धोक्यात असेल तर ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावावा.

मूल मार खाते त्या घरात पुष्कळदा आईही मार खात असते. तिला १८१ हा महिलांचा मदत क्रमांक आणि नागपूर शहर पोलिसांच्या, पीडित महिलांना मदत करणाऱ्या भरोसा सेलची माहिती तोंडी द्यावी. कागद घरी सापडला तर तिच्यावरच उलटतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यानुसार संरक्षण अधिकाऱ्याला कोणीही माहिती देऊ शकते, पण शक्य तोवर तिला विचारूनच द्यावी, कारण कोणती रात्र धोक्याची आहे हे तिलाच ठाऊक असते.

हे सारे घडण्याआधी शाळेच्या हातात बरेच काही असते. ज्या वर्गात छडी चालते तिथे मूल घरच्या माराची तक्रार कुणाकडे करणार? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी केली आहे, ती आधी आपल्या दारात पाळावी. चाचणीच्या उत्तरपत्रिका पालकांच्या सहीसाठी घरी जातात तो दिवस कित्येक मुलांसाठी माराचा असतो. त्या दिवशी कमी गुणांच्या मुलाच्या पेपरवर, त्याला काय जमले ते आधी लिहावे आणि शक्य असल्यास घरी फोन करावा. पालकसभा हिंगणा एमआयडीसीतल्या पाळ्या पाहून रविवारी ठेवावी, म्हणजे वडीलही येतील. सभेत ‘मारल्याशिवाय ऐकतच नाही’ असे कोणी म्हणाले तर त्यांना दटावू नये. गेल्या वेळी मारल्यावर तो किती दिवस ऐकला, एवढेच विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत नेमलेली सखी सावित्री समिती नुसती कागदावर असेल तर तिच्या सदस्यांना परिपाठात मुलांसमोर उभे करावे. तक्रारपेटी कार्यालयाच्या दारात नको, पाण्याच्या नळाजवळ असावी, म्हणजे तिथे थांबणारे मूल कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

प्रकरण पुढे गेल्यावर मूल वर्गात परतते, तेव्हा त्याची जागा तीच ठेवावी, फळा पुसण्याची त्याची पाळी त्यालाच द्यावी आणि शिक्षक-खोलीत त्याचे नाव काढू नये. महिन्यातून एकदा बाल संरक्षण कक्षाला फोन करून प्रकरण कुठवर आले ते विचारावे आणि त्याची तारीखही त्याच वहीत लिहावी.