वाटा वाढला, आठवडे रिकामे राहिले

सिनेमाच्या धंद्याचा अभ्यास करायला जे नव्याने येतात, त्यांना तिकीटबारीचे आकडे तोंडपाठ असतात. मलाही होते. कोणत्या सिनेमाने पहिल्या तीन दिवसांत किती गल्ला जमवला, कोणता स्टुडिओ कोणाच्या मालकीचा, हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. म्हणून वितरक कोण आणि प्रदर्शक कोण, हे समजावण्यात मी वेळ घालवत नाही. माझी एकच चूक सांगते. अजूनही ती आठवली की कान तापतात.

मार्च 2019 मध्ये डिस्नेने फॉक्सचा स्टुडिओ आणि मनोरंजनाचा बराचसा पसारा 71.3 अब्ज डॉलरला विकत घेतला. तेव्हा मी एका चित्रपटगृह साखळीसाठी कंत्राटावर अंदाज बांधून देत होते. प्रश्न सरळ होता: पुढची तीन वर्षं अमेरिकी बाजारात पडद्यांना माल किती मिळेल? 2018 मध्ये तिथल्या एकूण गल्ल्यात डिस्नेचा वाटा साधारण 26 टक्के होता, फॉक्सचा 9 च्या आसपास. मी बेरीज केली, 35, आणि पडद्यांना मालही त्याच प्रमाणात येईल असं धरलं. खाली छान आलेख काढला आणि अहवाल पाठवून दिला.

आता घात कसा झाला बघा. बेरीज चुकली असती तर मी वाचले असते. ती चुकली नाही. 2019 संपलं तेव्हा एकट्या डिस्नेचाच वाटा 33 टक्क्यांच्या आसपास गेला होता. फॉक्सचा निम्म्यावर आला, पण दोन्ही मिळून 35 च्या वरच. माझी पाठ थोपटली गेली. फॉक्सची ओळ अर्धी झाली आहे, हे मी पाहिलं आणि सोडून दिलं. बेरीज जुळली की माणूस वरच्या ओळी वाचत नाही.

वाटा म्हणजे टक्का, आणि टक्का कशाचा हे तो आपणहून सांगत नाही. सगळा गल्ला आटला तरी वाटा वाढू शकतो. चार अवाढव्य सिनेमांनी वर्ष भरून निघालं तरी वाटा वाढतो. चित्रपटगृहाला मात्र वर्षाचे बावन्न शुक्रवार भरायचे असतात. डिस्नेचे महाकाय सिनेमे त्यातले मोजके शुक्रवार व्यापणार. उरलेले शुक्रवार फॉक्ससारखे स्टुडिओ मध्यम बजेटचे विनोदी सिनेमे, कौटुंबिक नाट्यं आणि कादंबऱ्यांवरची रूपांतरं देऊन भरत असत. कादंबऱ्यांसाठी फॉक्सचा एक वेगळा विभाग होता, फॉक्स 2000. सौदा पूर्ण होताच त्याला कुलूप लागलं. ती बातमी मी वाचली होती, हळहळलेही होते, पण माझ्या तक्त्यात तिला जागाच नव्हती. तक्ता पैशांचा होता, सिनेमांचा नव्हता.

त्यात आणखी एक मेख आहे. सिनेमाला होकार मिळाल्यापासून तो पडद्यावर येईपर्यंत दोन वर्षं सहज जातात. म्हणजे 2019 मध्ये आलेले फॉक्सचे सिनेमे जुन्या मालकांनी चुलीवर चढवलेले होते. विलीनीकरणानंतर पहिलं वर्ष-दीड वर्ष आपल्याला दिसतो तो जुन्या घरचाच स्वयंपाक. नवी सून काय रांधते, ते नंतर कळतं. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या आकड्यांवरून कुठल्याही सौद्याचा निकाल लावू नका. हे तीनदा लिहिलं तरी कमीच आहे, कारण दर सौद्यानंतर बाराव्या महिन्याला कोणीतरी असा निकाल लावतंच.

मग 2020 आलं. अमेरिका-कॅनडाचा गल्ला 11 अब्ज डॉलरच्या वरून 2 अब्जांच्या थोडा पुढे एवढाच उरला. जगातले सगळे अंदाज केराच्या टोपलीत गेले, त्यांत माझाही गेला. खरं सांगते, मला हायसं वाटलं. महामारीने माझी चूक झाकली होती. कोणी विचारलं नाही, मीही बोलले नाही. चित्रपटगृहं पुन्हा सुरू झाल्यावर जुनी फाइल उघडली, तेव्हा कळलं की साथ आली नसती तरी माझा आलेख कोसळणारच होता.

त्यावर मी काय करते तेही सांगते. कागदावर बावन्न ओळी आखायच्या. प्रत्येक ओळीत त्या शुक्रवारी दोन हजारांहून जास्त चित्रपटगृहांत लागलेले सिनेमे आणि त्यांचे वितरक लिहायचे. सौद्याआधीची दोन वर्षं आणि सौद्यानंतरचं तिसरं-चौथं वर्ष शेजारी शेजारी ठेवायचं. मग फक्त रिकाम्या ओळी मोजायच्या. डॉलरचं चिन्ह कुठेही येऊ द्यायचं नाही. यंत्राकडून करून घेऊ नका, हाताने भरा. एक वर्ष भरायला एक संध्याकाळ लागते, आणि ऑगस्टचा शेवट किती ओसाड असतो हे बोटांना कळतं.

प्रेक्षकांच्या सवयीचा प्रश्न याच रिकाम्या ओळींपाशी येतो. ‘ओटीटीने थिएटर मारलं’ हे वाक्य तुमच्या पहिल्या निबंधात येणार, मला माहीत आहे. माझ्याही होतं. पण अमेरिका-कॅनडात 2002 मध्ये सुमारे 157 कोटी तिकिटं विकली गेली आणि त्यानंतर आकडा एकूण उतरतच राहिला. नेटफ्लिक्सने स्ट्रीमिंग सुरू केलं 2007 मध्ये. 2018 मध्ये जवळपास 11.9 अब्ज डॉलरचा विक्रमी गल्ला झाला, तेव्हा तिकिटं होती 130 कोटींच्या आसपास. पैसा वाढला, माणसं घटली, मधला फरक तिकिटाच्या दराने भरला. (तिकिटांचे हे आकडेही बहुतेकदा गल्ल्याला सरासरी दराने भागूनच काढलेले असतात, एवढं लक्षात असू द्या.)

सिनेमाला जाण्याची सवय सिनेमाला जाऊनच लागते. आज आलेला माणूस पुढच्या महिन्याचा ट्रेलर बघतो आणि तेवढ्यावर परत येतो. मधले तीन शुक्रवार त्याच्या वयाचं, त्याच्या आवडीचं काहीच नसेल तर साखळी तुटते. मग तो वर्षातून दोनदा, मोठ्या पडद्याच्या महागड्या खेळाला येतो. 2023 च्या लेखक-अभिनेत्यांच्या संपांनंतर 2024 चा पूर्वार्ध असाच विरळ गेला. ओटीटीचा हात यात नाही असं मी म्हणत नाही. पूर्वी सिनेमा घरी यायला साधारण तीन महिने लागत. जुलै 2020 मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओ आणि एएमसी ही चित्रपटगृह साखळी यांच्यात, सिनेमा लागल्यावर 17 दिवसांनी तो घरी पाहायला देता येईल, असा करार झाला आणि ‘थांबू या, घरीच येईल’ हे प्रेक्षक शिकला. मला मात्र ही दुसरी पायरी वाटते. आधी शुक्रवार रिकामे झाले. माझ्याशी वाद घालणारे पुष्कळ आहेत, त्यांचंही ऐका.

आता कडू भाग. स्टुडिओत विश्लेषक म्हणून चिकटायचं स्वप्न असेल तर लक्षात घ्या, दोन स्टुडिओ एक होतात तेव्हा दोन वितरण विभाग राहत नाहीत. ‘सिनर्जी’ हा शब्द पत्रकात दिसला की तो माणसं कमी करण्याविषयी आहे असं समजा. सहा मोठ्या स्टुडिओंचे पाच झाले. वॉर्नर 2018 मध्ये एटी अँड टी या दूरसंचार कंपनीकडे गेली, 2022 मध्ये डिस्कव्हरी या वाहिन्यांच्या कंपनीशी जोडली गेली, त्याच वर्षी जवळपास तयार असलेला एक सुपरहीरोपट डब्यात गेला, आणि 2025 च्या अखेरीस ती पुन्हा विक्रीच्या चर्चेत आली. तिथे खुर्ची मिळाली तरी तिच्यावर फार सामान मांडू नका. माझं कंत्राट चित्रपटगृहाकडचं होतं, तेही पुढे वाढवलं गेलं नाही. सात महिने मी घरी होते.

पण घाबरूनही जाऊ नका. मालक बदलले तरी शुक्रवार येतच राहतात, आणि ते कशाने भरायचे हे सांगणारं माणूस चित्रपटगृहांना लागतं, छोट्या वितरकांना लागतं, महोत्सवांनाही लागतं. माझं दुसरं काम एका छोट्या वितरकाकडे मिळालं, तेही त्या बावन्न ओळींच्या कागदामुळे.

सहा आठवड्यांच्या प्रमाणपत्रांबद्दल माझं मत वाईट आहे. मी दोन घेतली, दोन्हींत आलेख रंगवायला शिकवलं. त्यापेक्षा एएमसी आणि सिनेमार्क या चित्रपटगृह साखळ्यांचे वार्षिक अहवाल वाचा, फुकट आहेत. किती प्रेक्षक आले, सरासरी तिकीट केवढ्याचं, खाण्यापिण्यावर माणशी किती खर्च झाला, हे तिथे स्वतः कंपनीच लिहिते. रविवारी येणाऱ्या गल्ल्याच्या आकड्यांवर भांडू नका. त्यात रविवारचा गल्ला अंदाजाने धरलेला असतो, पक्का आकडा सोमवारी येतो. आणि गुरू शोधायचाच तर फार ओळखी असलेला नको, तुमची फाइल उघडून एकेक ओळ विचारणारा हवा. माझ्या दुसऱ्या कामावरच्या बाईंनी माझा 2019 चा तक्ता पाहिला आणि फॉक्सच्या ओळीवर बोट ठेवून एवढंच विचारलं, ‘‘ही अर्धी का झाली?’’ पहिल्याच वर्षी कोणी हे विचारलं असतं तर!

ऑगस्ट 2025 मध्ये स्कायडान्स ही निर्मिती कंपनी आणि पॅरामाउंट स्टुडिओ एक झाले. सिनेमे वाढवू, असं नवे मालक सांगताहेत. मी नवा कागद आखला आहे. सध्या त्यात येणारे बरेचसे सिनेमे जुन्या घरचे आहेत, म्हणून ते पेन्सिलीने लिहिते. शाई 2027 नंतर.